म्हाळू पैलवानाचं रक्त

"पैलवान बाईनं खाल्ला," असं भगवानराव पालीच्या चावडीपुढं चारचौघांत बोलले, तेव्हा बायना समोरच्या आडावर पाणी शेंदत होती.

तिला पाचवा महिना लागला होता. हातातला दोर तिनं सोडला नाही, की पदर तोंडाला लावून घराकडंही पळाली नाही. घागर वर काढली, आडाच्या काठावर टेकवली आणि चावडीच्या ओट्याकडं सरळ पाहिलं. तिचा नवरा म्हाळू तिथंच बसला होता, भगवानरावांच्या पायाशी, एका पायरीनं खाली. सहा फुटांचा गडी, मान बैलासारखी, मांड्या लिंबाच्या खोडासारख्या, आणि नजर मातीत. तो आता काहीतरी बोलेल म्हणून बायना थांबली. आडावरच्या बायाही थांबल्या. म्हाळूनं पायाच्या अंगठ्यानं माती उकरली, बोलला काहीच नाही.

"लगीन करू नको म्हणलं व्हतं मी," भगवानराव पुढं म्हणाले. "तिशीपर्यंत थांब म्हणलं. आईनं घाई केली. आता भोगा. कंबरच गेली, गुर्दा गेला. सात वर्सं मी दगडावर दूध ओतलं."

बायनानं घागर डोक्यावर घेतली आणि ओट्यासमोरून, मुद्दाम त्याच वाटेनं, घरी गेली. तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली होती. पण भगवानराव चौसाळ्याचे देशमुख, पंचक्रोशीत त्यांचा शब्द खाली पडत नसे, आणि ती मेंढरं राखणाऱ्या धनगराची सून. त्या दिवशी ती बोलली नाही. त्या दिवशी न बोलल्याचाही राग पुढं तिनं धरून ठेवला, स्वतःवरचा.

झालं होतं ते असं.

सात वर्षांपूर्वी उमापूरच्या जत्रेत म्हाळूनं नगरच्या एका नावाजलेल्या गड्याला ढाक लावून चीत केलं होतं. भगवानरावांना तालमीचा शौक. त्यांनी म्हाळूला तिथंच आखाड्यात फेटा बांधला आणि त्याचा खुराक आपल्याकडं घेतला. पालीत बिंदुसरेच्या काठाला त्याच्यासाठी तालीम बांधून दिली, दोन दुभत्या म्हशी दावणीला आणून बांधल्या, बदामाची गोणी चौसाळ्याहून येऊ लागली. मटण घरच्या कळपातलं. लग्न होऊन बायना या घरात आली ती चुलीपुढंच. सकाळी बदाम वाटून त्यात दोन शेर दूध, मग डझनभर अंडी, दुपारी शेरभर मटण, मधे भिजवलेले हरभरे, संध्याकाळी पुन्हा मटण, वर तूप आणि झोपताना पुन्हा दूध. हे सगळं ती करायची. स्वतः आणि सासू वच्छलाबाई भाकरी आणि रस्सा खायच्या, रश्श्यात तुकडा राहिला तर राहिला. पैलवानाच्या घरात असंच असतं, हे तिनं मान्य केलं होतं.

त्या वर्षी हैदराबादला कुस्त्यांची मोठी दंगल भरणार होती. सगळ्या रियासतीतले मल्ल येणार होते. आदल्या वर्षी एक गडी आखाड्यातच कोसळून मेला होता, म्हणून भरवणाऱ्यांनी नवा नियम काढला: डॉक्टरानं पास केल्याशिवाय कुणी लंगोट बांधायचा नाही. शहरातल्या एका नव्या दवाखान्यात रक्त तपासायची सोय झाली होती, तेव्हा रक्तही काढायचं ठरलं.

भगवानरावांनी जायच्या आधी पंधरा दिवस म्हाळूचा खुराक दीडपट केला. हैदराबादेत तर काय, जिथं उतरले तिथं सकाळ-संध्याकाळ कबाबांची परात. आणि पाणी मात्र बेतानं, कारण कुस्तीच्या आधी पाणी कमी प्यायलं की अंग हलकं राहतं, असा तालमीतला जुना नेम. चैत्रातल्या उन्हात म्हाळू रोज घोंगडं पांघरून धावायचा, घाम गाळायचा. अशा अंगातून त्या दवाखान्यात कुपीभर रक्त काढलं.

दुसऱ्या दिवशी कागद आला. गुर्दे, म्हणजे मूत्रपिंडं, धड असली की रक्तात युरिया नावाची चीज चाळिसाच्या आत राहते, म्हाळूच्या रक्तात बासष्ट भरली. विलायतेहून शिकून आलेला डॉक्टर कागदाकडं बघत म्हणाला, "गुर्दे जवाब दे रहे हैं. इसको कुश्ती मना है." भगवानरावांनी विचारलं, किती दिवस? डॉक्टर म्हणाला, सांगता येत नाही. साल, छे महिने, कुणाचं जास्तही.

म्हाळूला लढता आलं नाही. आखाड्याच्या दोराबाहेर बसून तो दुसऱ्यांच्या कुस्त्या बघून आला. रेल्वेत आणि जालन्यापासूनच्या मोटारीत भगवानराव त्याच्याशी एक अक्षर बोलले नाहीत. हे कशामुळं झालं, ते डॉक्टरानं सांगितलं नव्हतं. ते कारण भगवानरावांनी मोटारीत बसल्या बसल्या स्वतःच तयार केलं. गुर्दा म्हणजे कंबर, कंबर म्हणजे वीर्य, आणि वीर्य म्हणजे घरातली बाई. पालीला पोचेपर्यंत ते कारण पक्कं झालं होतं.

त्यानंतर आठ दिवसांत म्हशी सोडून नेल्या. तालमीला कुलूप लागलं. आणि वच्छलाबाई बायनाला म्हणाली, "पोरी, तू काही दिस वाड्यावर जाऊन राहा. त्येच्या नजरेपुढं नको."

वाडा म्हणजे गावाबाहेरचा मेंढरांचा कोंडवाडा, काट्यांचं कुंपण आणि कडेला एक खोपट.

"मी काय केलं, आत्या?" बायनानं विचारलं.

"मी कुटं म्हनते तू केलं? पर लेक हाय माजा. त्यो जगला पायजे. लोक म्हनतात ते खरं असलं तर?"

म्हातारी रडत होती. बायनाला तिचा राग आला आणि कीवही आली, पण राग जास्त आला. तिनं म्हाळूकडं पाहिलं. तो बाजेवर भिंतीकडं तोंड करून पडला होता. या खेपेलाही तो बोलला नाही. बायनानं आपलं घोंगडं आणि दोन लुगडी उचलली आणि वाड्यावर गेली.

पाणवठ्यावर बाया तिच्यापासून घागर लांब धरू लागल्या. कुणाच्या घरी नवी नवरी आली की तिला बायनापुढं येऊ देत नसत. नवरा खाणारी म्हणे. बायना रडली नाही. रडणं येत असे ते ती दगडावर लुगडं आपटून संपवायची. तिच्या मनात एकच गोष्ट फिरत होती. मी खाल्ला म्हणता. लगीन झाल्यापासनं मी त्याला काय काय खाऊ घातलं ते कुणी मोजलं का? माझ्या तोंडात त्यातला एक बदाम तरी गेला का?

आषाढ लागला. म्हाळूला मरण येईल म्हणून घर वाट बघत होतं, आणि मरण काही येईना. डॉक्टरानं अंगावर सूज येईल म्हणून सांगितलं होतं; ती आली नाही. धाप नाही, ताप नाही. भाकरी, अंबाडीची भाजी आणि वरण एवढंच खायला मिळत होतं, तेही तो अर्धवट खायचा, कारण मरणाऱ्या माणसानं भरपूर खाणं त्याला बरं वाटत नव्हतं. थोडा वाळला, बाकी होता तसाच.

एका सकाळी कळपातला एडका वाड्यामागच्या पडक्या बारवेत घसरला. बायनानं घरापाशी जाऊन हाक मारली. आसपास दुसरं कुणी नव्हतं, म्हणून म्हाळू उठून आला. तो पायऱ्या उतरला, चिखलात मांडीपर्यंत गेला, आणि तो मणभराचा एडका खांद्यावर घेऊन वर आला. वर आला तेव्हा त्याला धापसुद्धा लागली नव्हती.

बायना त्याच्यापुढं उभी राहिली. "मरनारा मानूस असा एडका उचलतो व्हय?"

"डाक्टरचा कागद हाय," म्हाळू म्हणाला.

"कागद हाय. आन तुमी? तुमाला काय वाटतं? दुकतं का कुटं?"

"न्हाई."

"सुजलंय का?"

"न्हाई."

"मूत धड व्हतं का?"

म्हाळूनं मान फिरवली. "व्हतं."

"मग दोन म्हैने भिंतीकडं तोंड करून कशापायी पडलात? मला या काट्यात आनून टाकली, तवा तोंडाला काय झालतं तुमच्या? उद्या बीडला चला, सरकारी दवाखान्यात."

"काय उपेग? हैदराबादचा डाक्टर बोललाय."

"न्हाई आलात तर मी एकली जाते. तुमचं मूत बाटलीत घालून नेते आन पेठेतून इचारत इचारत जाते, पालीच्या म्हाळू पैलवानाचं हाय म्हनून."

ती तसं करील याची म्हाळूला खात्री होती. दुसऱ्या दिवशी तांबडं फुटल्यावर दोघं बीडच्या वाटेला लागली, तो दहा पावलं पुढं आणि ती मागं. अख्ख्या वाटेत ती त्याच्याशी बोलली नाही.

बीडच्या दवाखान्यात राधाकिशन नावाचे डॉक्टर होते. चाळिशीचे, किडकिडीत, बीडच्याच एका मारवाडी घरातले. त्यांनी हैदराबादचा कागद वाचला, म्हाळूचे पाय दाबून पाहिले, पापण्या ओढून पाहिल्या, पाठीला दोन्ही बाजूंनी मुठीनं हलकं ठोकलं. मग त्याला काचेची नळी दिली आणि पडद्याआड पाठवलं. ती नळी त्यांनी बायनाच्या समोरच स्पिरिटच्या दिव्यावर धरली.

"बघा बाई," ते म्हणाले. "गुर्दा खराब असला की अंगातलं सत्त्व लघवीतून गळतं. मग ही तापवली की अंडं शिजल्यासारखं पांढरं गोठतं."

लघवी उकळली. त्यांनी वरून दोन थेंब औषधाचे टाकले, पुन्हा तापवली. नळी उजेडाकडं धरली. आरपार दिसत होतं.

राधाकिशन डॉक्टरांनी नळी खाली ठेवली. मग त्यांनी म्हाळूला विचारलं, "रक्त काढलं तेव्हा तू खात काय होतास?"

म्हाळूनं सवयीनं खाली पाहिलं. बायनानं उत्तर दिलं. बदामापासून सुरुवात केली आणि रात्रीच्या दुधापर्यंत आली. मग पंधरा दिवसांचा दीडपट खुराक सांगितला, हैदराबादचे कबाब तिनं म्हाळूकडून वदवून घेतले, आणि पाणी न पिण्याचा नेमही.

डॉक्टरांनी हातातली लेखणी टेबलावर आपटली. "आणि हे त्यांनी विचारलं नाही?"

"कुनी न्हाई इचारलं."

"अरे, मग बासष्ट येईल नाहीतर काय येईल!" ते उठून उभे राहिले. "बाई, तुम्ही चूल पेटवता. दोन लाकडं घातली तर राख किती? आणि वीस घातली तर? मटण, दूध, अंडी हे अंगात जळतं, त्याची राख म्हणजे हा युरिया. गुर्द्याचं काम ती राख बाहेर टाकणं. वीस लाकडांची राख बघून कुणी म्हणेल का, चूल फुटली? वर पाणी तोडलेलं. राख वाहून न्यायला पाणी नको?"

बायना ऐकत होती.

"म्हंजी ह्यो बरा हाय?"

"ते मी सांगणार नाही," डॉक्टर म्हणाले. "लघवी चांगली आहे, अंग चांगलं आहे. पण बरा आहे की नाही हे रक्त सांगेल, मी नाही. खरंच बिघाड असला तर साध्या जेवणावरही तो आकडा चढलेला राहील. आता काय खातो?"

"भाकर, अंबाडी, वरन. दोन म्हैने झाले."

"मग आताच जा. याहून चांगली वेळ नाही. पाणी भरपूर पाजा, आणि तीन दिवस जोर-बैठका नाहीत. इथं रक्ताची सोय नाही, हैदराबादलाच जावं लागेल. मी चिठ्ठी देतो."

म्हाळू पहिल्यांदा बोलला. "तितं पुन्ना तोच डाक्टर असंल."

"तोच पायजे," बायना म्हणाली.

सातव्या महिन्यात पोटुशी बाई मोटारीत बसून शहागडला गोदावरी ओलांडते, जालन्याला आगगाडीत चढते, हे पालीत कुणी ऐकलं नव्हतं. वच्छलाबाईनं वाट अडवून पाहिली. बायना म्हणाली, "आत्या, ह्यो एकला गेला तर पुन्ना गप बसून यील. मला त्यो बोललेलं काय आन न बोललेलं काय, समदं माज्या कानानं ऐकायचंय." आणि निघाली.

हैदराबादेत रक्त काढलं त्या दिवशी डॉक्टर भेटला नाही. दुसऱ्या दिवशी व्हरांड्यात दोनशे माणसं बसलेली. त्यात सहा फुटी एक गडी आणि त्याच्या शेजारी धोतराच्या गाठोड्यावर बसलेली पोटुशी धनगरीण. दुपारी नाव पुकारलं.

डॉक्टरानं दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. मग राधाकिशन डॉक्टरांची चिठ्ठी वाचली, पुन्हा कागदांकडं पाहिलं.

"इकत्तीस," तो म्हणाला.

"एकतीस," म्हाळूनं बायनाला सांगितलं.

"गुर्दे ठीक हैं," डॉक्टर म्हणाला. "कुश्ती लड़ सकता है." आणि त्यानं कागद पुढं सरकवून पुढच्या माणसाला बोलावण्यासाठी हात वर केला.

बायना खुर्चीवरून उठली नाही. तिला उर्दू येत नव्हती. बीडच्या बाजारात ऐकलेली दखनी होती, तीच तिनं मराठीत कालवून काढली. "साब, पयला कागद झूट था क्या?"

"झूट नहीं था. वो भी सही था, ये भी सही है."

"दोनी सही? मग झूट कोन बोलला? मेरेकू गाव बोलता नवरा खाई. मेरेकू मेंढरांमदी रखे. तुमारा कागद सही था, तो मैं वां कायकू सोई?"

डॉक्टरानं हात खाली घेतला. तो वाईट माणूस नव्हता, घाईत असलेला माणूस होता. त्यानं तिला बसायची खूण केली, ती बसलेलीच होती हे त्याच्या ध्यानात आलं नाही. मग दारातल्या मराठी जाणणाऱ्या कारकुनाला आत बोलावून त्यानं जे सांगितलं ते कारकुनानं बायनाला सांगितलं.

"साहेब म्हणतात, खाणं विचारायला हवं होतं, ते राहिलं. पण साहेब म्हणतात, मी या पैलवानाला विचारलं होतं, काही त्रास आहे का, काही सांगायचंय का? हा बोललाच नाही. प्रत्येक गोष्टीला त्याचा मालक उत्तर देत होता. मालक म्हणाला, नेहमीचं जेवण, खास काही नाही."

बायनानं वळून म्हाळूकडं पाहिलं. तो नजर चुकवू लागला तशी ती म्हणाली, "इकडं बगा."

त्यानं पाहिलं.

"खास काई न्हाई म्हनले मालक? शेर शेर मटन, खास काई न्हाई? आन तुमी?"

"मालक बोलत व्हते," म्हाळू म्हणाला. "मधी कसं बोलू?"

तिथं, दोनशे माणसांच्या व्हरांड्याला लागून असलेल्या त्या खोलीत, बायनाच्या अंगाचा तिळपापड झाला. डॉक्टरवरचा राग काहीच नव्हता असं तिला वाटलं. ती कारकुनाला म्हणाली, साहेबांना सांगा, नव्या कागदावर लिहून द्या की आधीचा आकडा खाण्यामुळं होता. डॉक्टरानं लिहिलं, सही केली, शिक्का मारला. कागद बायनानं घेतला. म्हाळूनं हात पुढं केला होता, त्याच्याकडं दिला नाही.

बातमी त्यांच्या आधी पालीत पोचली. ती दोघं आल्याला चार दिवस झाले नाहीत तोच भगवानराव चौसाळ्याहून आले. त्यांच्याबरोबर हलगीवाले, दोन म्हशी, आणि एका माणसाच्या हातात ताटात घडी केलेला जरीचा फेटा. अख्खा गाव चावडीपुढं जमला. म्हातारे अर्जुनराव पाटील ओट्यावर येऊन बसले. म्हाळूला बोलावणं गेलं, आणि बायना कुणी न बोलावता आली.

"गावकरी हो," भगवानराव म्हणाले, "आमचा वाघ उठला. हैदराबादच्या डाक्टरनंच लिहून दिलंय. येत्या जत्रंला उमापुरात कुस्ती, आन पुढल्या साली पुन्ना हैदराबाद. ये रे म्हाळ्या, फेटा बांधू दे."

हलगी वाजू लागली. म्हाळू दोन पावलं पुढं गेला. त्याच्या तोंडावर हसू होतं, सात वर्षांपूर्वीचं, उमापूरच्या आखाड्यातलं. बायनाला ते दिसलं, आणि तिनं गर्दीतून वाट काढली.

"हलगी थांबवा," ती म्हणाली.

थांबली. बाईमाणसानं चावडीपुढं असं बोलणं कुणाच्या ऐकण्यात नव्हतं, त्या दचक्यानंच थांबली असावी.

"मालक, कागदात आनखी बी लिवलंय. त्यो तुमी वाचलाच न्हाई. लिवलंय का पयला आकडा खान्यानं चडला व्हता. खुराक तुमचा व्हता. डाक्टरनं इचारलं तवा खास काई न्हाई म्हनलेले बी तुमीच. ह्याच जागी बसून तुमी म्हनलात, बाईनं पैलवान खाल्ला. आता ह्याच जागी म्हना का मी चुकलो."

भगवानरावांचा चेहरा लाल झाला. "बाई, तोंड आवर. बोलायच्या भरात मानूस बोलतो. झालं गेलं."

"बोलायच्या भरात मी दोन म्हैने कोंडवाड्यात राहिले."

"पाटील," भगवानराव अर्जुनरावांकडं वळले, "ही काय रीत झाली?"

अर्जुनराव खोकले. "बायना, जाऊ दे पोरी. मोट्या मानसानं पायरी उतरून म्हशी आनल्या, त्यातच आलं समदं."

"म्हशीला बोलता येत न्हाई, पाटील. मालकाला येतं."

कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. भगवानराव म्हाळूकडं वळून म्हणाले, "बायकोला घरी ने बे. आन ये."

म्हाळू जागचा हलला नाही. बायनाला वाटलं, झालं, आता हा खाली बघेल. त्यानं खालीच पाहिलं. मग वर पाहिलं. त्याला सभेत बोलायची सवय नव्हती, शब्द दगड उचलावेत तसे तो एकेक उचलत गेला.

"मालक, त्या दिवशी तुमी बोललात, तवा मी हितंच बसलो व्हतो. त्या पायरीवर. मला ठावं व्हतं त्ये खोटं हाय. डाक्टरनं तसं काई सांगितलंच न्हवतं, मी तितं व्हतो, मी ऐकलं व्हतं. तरी गप ऱ्हायलो. तुमचं अन्न खाल्लं म्हनून." तो थांबला. "तुमच्या आदी माजा गुन्हा हाय. मी चुकलो. ह्या समद्या गावापुढं बायनाला म्हनतो, मी चुकलो. आता तुमी म्हना. म्हनल्याबिगर फेटा न्हाई."



भगवानरावांनी ताटातला फेटा उचलला, काखेत मारला आणि घोड्याकडं निघाले. ते कधीच काही म्हणाले नाहीत, त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही. म्हशी आल्या तशा परत गेल्या. तालमीचं कुलूप तसंच राहिलं, पुढं छप्पर पडलं.

म्हाळू आशेनं बायनाकडं वळला. बायना म्हणाली, "हे चैतात बोलायचं व्हतं," आणि वाड्याच्या वाटेला लागली.

वच्छलाबाई त्याच दुपारी वाड्यावर आली, तिच्या घोंगड्याला हात घालून म्हणाली, "चल पोरी घरी, माजं बी चुकलं." बायनानं घोंगडं तिच्या हातातून सोडवून घेतलं. "न्हाई आत्या. जितं मला ठेवलं तितंच मी बाळंत व्हनार. लोकाला दिसू द्या." कुणी कितीही समजावलं तरी ती हलली नाही. शेवटी म्हातारीच आपलं अंथरूण घेऊन तिच्याजवळ राहायला आली. भादव्यात त्या खोपटातच बायनाला मुलगी झाली, धडधाकट, मोठ्या आवाजाची.

म्हाळूनं नदीच्या वाळूत स्वतःच कुस्तीचा हौदा खणला आणि गावातल्या पोरांना घेऊन मेहनत करू लागला. खुराक म्हणजे भाकरी, हरभरे, शेळीचं दूध. त्या साली उमापूरला तो पहिल्या फेरीतच पडला. पुढच्या साली दोन कुस्त्या मारल्या. हैदराबादला तो पुन्हा गेला नाही.

रोज सकाळी शेळी पिळून तो तांब्याभर दूध खोपटाच्या दाराशी ठेवायचा. बायना ते दूध प्यायची, बाळंतिणीला लागतंच. त्याच्याशी मात्र एक शब्द बोलायची नाही. तोही दाराबाहेर उकिडवा बसून राहायचा, तांब्या रिकामा झाला की घेऊन जायचा. बारसं झालं, मुलीला महिना झाला, तरी तसंच. मग एका सकाळी तांब्या धड विसळलेला नव्हता, दूध नासलं होतं. बायनानं एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि तांब्या दाराबाहेर त्याच्या पुढ्यात आपटला.

"वास तरी घ्यायचा व्हता," ती ओरडली. "नाक बी गेलं का तुमचं?"

म्हाळू घाईनं उठला आणि शेळीकडं पळाला.